पर्वतीची लंका आणि शिंगणापूरची चौकट

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरात घरांना चौकट असते, पण तीस कवाड नसते. आणि परधन हरण करणाऱ्यास शनिदेव शासन केल्यावाचून राहत नाही या दृढ श्रद्धेवर उभी राहिलेली ही वहिवाट कोणत्याही सरकारी फर्मानावाचून पिढ्यानपिढ्या चालत आली. गावात पोलीस ठाणे झाले ते २०१५ साली. या वहिवाटीमागे केवळ देवाचे भय आहे असे मी मानीत नाही. कवाड न लावणे हा साऱ्या गावाचा मान आहे, आणि जो नियम गावाने आपला मानला त्याचा पहारा शेजारीच करतो. फटाक्यांच्या बंदोबस्तात आपल्या शहरांना अपयश का येते, हे शोधू जाता मला या चौकटीची वारंवार आठवण होते.

आतषबाजी आपल्याकडे नवी नव्हे. नेवाशाच्या पूर्वेस, गोदातीरीच्या पैठणचे एकनाथ यांनी सोळाव्या शतकात रचलेल्या रुक्मिणीस्वयंवरात विवाहप्रसंगीच्या दारूकामाचे वर्णन आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतीय दारूकामाचा इतिहास लिहिताना जे पुरावे जमविले, त्यांतील सर्वांत रमणीय वृत्तांत पेशव्यांच्या बखरीतला आहे. कोट्याचे राजे दिवाळीत दारूची लंका उभारतात, तीतील रावण, राक्षस आणि वानर सारे दारूचेच असतात, आणि पुच्छ पेटताच हनुमंत उड्डाण करून ती लंका जाळतो, असे महादजी शिंद्यांनी निवेदन करताच सवाई माधवरावांस ते पाहण्याची उत्कंठा झाली. मग हुकूम सुटला, पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका रचली गेली, आणि अंधाऱ्या रात्री पुण्याची रयत ती पाहावयास लोटली. स्थळ एक, समय एक, अग्नी जाणत्यांच्या हाती, आणि आनंद मात्र सर्वांचा!

ही व्यवस्था स्वस्ताईने मोडली. शिवकाशीच्या दोघा नाडर आप्तांनी १९२३ साली कलकत्त्यास जाऊन आगकाड्यांचा उद्योग शिकून घेतला, त्याच्या आश्रयाने पुढे तेथे फटाक्यांचे कारखाने वाढले, आणि दरबाराचे कौतुक प्रत्येक अंगणात पुडक्यांतून येऊन पडले. १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याची मुख्य भिस्त परवान्यावर, म्हणजे कारखाना, कोठार, वाहतूक आणि विक्री यांवर. गल्लीत वात पेटविणाऱ्या हातापर्यंत परवाना पोहोचत नाही. १९९९ मध्ये आवाजाची मर्यादा ठरली, चार मीटरांवर १२५ डेसिबल. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री दहा ते पहाटे सहा आवाजाचे फटाके वर्ज्य केले. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निर्णयाने दिवाळीत रात्री आठ ते दहा एवढाच अवधी दिला, फटाक्यांच्या माळांना मनाई केली, आणि कसूर झाल्यास त्या हद्दीच्या ठाणेदारास व्यक्तिशः जबाबदार धरले. तरीही दहानंतर तान्ही मुले दचकून उठतात, दम्याचे रुग्ण खिडक्या लावून तळमळतात. एका ठाणेदाराने हजारो अंगणे राखावी तरी कशी?

त्याच निर्णयात एक सूचना आहे, जिची व्हावी तेवढी चर्चा झाली नाही: आतषबाजीसाठी सामुदायिक जागा आधीच मुक्रर कराव्यात. पर्वतीचा पायथा याहून वेगळा काय होता? पण जागा नेमून भागत नाही; शिंगणापुरासारखा नियम लोकांनी आपला मानावा लागतो, आणि अशी संमती मिळविण्याचे कामही आपल्याकडे अगदीच झाले नाही असे नाही. शिंगणापूरच्या शनिदेवाच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून झगडलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेच शाळाशाळांतून मुलांकडून फटाकेमुक्त दिवाळीचे संकल्प करवून घेतले, आणि मुलाने केलेला संकल्प घरातल्या वडीलधाऱ्यांस मोडवत नाही. नगर असो वा पुणे, महापालिकेने पेठेपेठेस मैदान नेमून द्यावे, अग्निशामक दलाने तेथे हजर राहावे, खर्च मंडळांनी वर्गणीतून करावा, आणि दहाच्या आत शेवटची वात विझविण्याचे दायित्व त्या पेठेच्याच माणसांनी लेखी पत्करावे.