बाकी उरली, ती कामाची

श्रोतेहो, आणि हे पुस्तक वर्गात घेऊन बसलेले गुरुजी, आज आपण बाकीविषयी बोलू. भागाकार संपल्यावर जी उरते ती बाकी. मुलांना ती नकोशी वाटते. शून्य उरले की गणित सुटले, असा त्यांचा समज. परंतु आपल्या देशात या उरलेल्या बाकीवरच एक मोठे गणित उभे राहिले, आणि त्याचा धागा आपल्या गोदावरीच्या काठापर्यंत येतो.

इ. स. ४९९ साली आपण तेवीस वर्षांचे होतो, असे आर्यभटांनी 'आर्यभटीय' या ग्रंथात नमूद केले आहे. त्याच ग्रंथात त्यांनी अवघ्या दोन श्लोकांत बाकीची उदाहरणे सोडवण्याची रीत दिली. पुढे ६२९ साली भास्कर नावाच्या पंडिताने त्यावर टीका लिहिली. हे 'लीलावती'चे भास्कराचार्य नव्हेत बरे का. ते याच्यानंतर पाचशे वर्षांनी झाले. हा पहिला भास्कर आर्यभटांना 'आश्मकीय', म्हणजे अश्मक देशाचे, म्हणतो. जुन्या बौद्ध ग्रंथांत अश्मक देश गोदावरीकाठी सांगितला आहे. त्याची राजधानी म्हणजे आजचे बोधन, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. बोधन म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्यातील बिलोलीच्या पलीकडे, तेलंगणात.

या रीतीचे नाव कुट्टक. कुटणे हा शब्द आपल्या घरातलाच. मिरची कुटून बारीक करावी, तसे मोठे आकडे भागून भागून लहान करायचे. शाळेत भागाकाराने मसावि काढतात, तीच याची पहिली पायरी. ज्योतिषांना याची गरज होती, कारण ग्रहाच्या पूर्ण फेऱ्या सोडून जो भाग उरतो, त्यावरूनच ग्रह आज आकाशात कोठे आहे ते कळते.

भास्कराने दिलेले एक उदाहरण कडब्याच्या पेंढ्यांवर घालून पाहू. आठ-आठच्या ओळी लावल्या तर पाच पेंढ्या उरतात, नऊ-नऊच्या लावल्या तर चार, सात-सातच्या लावल्या तर एक. तर कमीत कमी पेंढ्या किती?

नऊने भागून चार उरणारे आकडे मांडा : ४, १३, २२... यात १३ ला आठने भागले तर पाच उरतात. दोन अटी पुऱ्या झाल्या. आता १३ मध्ये ७२ मिळवा. बहात्तरला आठनेही भाग जातो, नऊनेही. म्हणून त्या दोन बाक्या हलत नाहीत. राहिला सात. तेरात सातची बाकी सहा, बहात्तरात दोन. सहा नि दोन आठ, आठातून सात गेले, उरला एक. झाले! उत्तर ८५. बघा, बहात्तरचे काम नुसत्या दोनाने केले. हेच कुटणे.

शिष्यवृत्तीच्या नि नवोदयच्या परीक्षेत असले प्रश्न येतात. खाली चार पर्याय असतात; मूल एकेकाला भागून पाहते, वेळ संपतो. नांदेड-लातूरला शिकवणीवर्ग पुष्कळ आहेत, तेथे युक्त्या पाठ करून घेतात. पण ज्याच्या बापाला वर्गाची फी झेपत नाही, त्या पोराने काय करावे? गुरुजी, त्याला ७२ च का मिळवले, एवढे समजावून द्या. पाठ केलेली युक्ती प्रश्न फिरवला की फसते. कारण समजले की पाटी नि पेन्सिल पुरते.

उद्या वर्गात हे घाला : पाचने भागता तीन, सातने भागता दोन, नऊने भागता चार उरतात, तर लहानात लहान संख्या कोणती? उत्तर ५८. पण उत्तर आधी सांगू नका. मुलांना ३५ मिळवण्याचे कारण विचारा, आणि ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या.