गुदाशयाचा कर्करोग आणि मलनियंत्रण

१९३६ साली महात्मा गांधी वर्धा जिल्ह्यातील शेगाव या खेड्यात राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. तेथील आश्रमात शौचकूप साफ करणे हे हलके काम गणले जात नसे. मलाविषयीची किळस समाजाला जशी जाचते, तशीच ती रोग्यालाही जाचते, हे गुदाशयाच्या कर्करोगाच्या इतिहासावरून दिसून येते.

लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये पोटाकडून व खालून, अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय समूळ काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिने प्राण वाचू लागले; परंतु गुदद्वाराचे संकोचक स्नायूही जात, आणि पोटावर पाडलेल्या छिद्रावाटे जन्मभर मलविसर्जन करावे लागे. जीव की लाज, असाच तो सौदा होता.

पुढे असे आढळले की, हा रोग आतड्याच्या भिंतीतून खाली फारसा उतरत नाही. तेव्हा अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे क्लॉड डिक्सन यांनी १९४८ मध्ये वरच्या भागातील गाठीपुरते आतडे कापून, गुदद्वार राखून, उरलेली टोके जोडण्याच्या रीतीचे उत्तम परिणाम मांडले. लंडनच्या ॲलन पार्क्स यांनी १९७२ च्या सुमारास हा सांधा आणखी खाली आणला.

मात्र स्नायू राहिले म्हणजे ताबा राहिलाच, असे नव्हे. गुदाशय ही साठवणीची कोठी. ती गेली की दिवसातून अनेक वेळा घाई होते. म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समधील शल्यविशारदांनी आतडे दुमडून नवी पिशवी शिवण्यास आरंभ केला. स्नायूच गेले असतील, तर मांडीचा स्नायू गुदद्वाराभोवती गुंडाळण्याची युक्ती पिकरेल यांनी १९५२ मध्ये मुलांकरिता काढली होती. तीही पुढे कर्करोग्यांच्या उपयोगी पडली. पण तो स्नायू लवकर थकतो. याच विचाराने लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात डॉ. अभिजित चंद्रा यांनी जठराच्या खालच्या तोंडाशी असलेले, अखंड काम करणारे स्नायुवलयच रक्तवाहिनीसह गुदस्थानी आणून बसविले.

सेवाग्रामात १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. खेड्यातील रोग्याला मात्र शस्त्रापेक्षाही वेळ अधिक उपयोगी पडते. शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध समजून महिनेमहिने दडवून ठेवण्याची रीत घातक आहे. कारण गाठ लहान असतानाच संकोचक स्नायू वाचविण्याची संधी अधिक असते. लाज राखण्याचा खरा मार्ग लाज बाजूस ठेवून वेळीच वैद्यापाशी बोलणे, हाच होय.