जॅकपासून ब्लूटूथपर्यंत : बिनतारी श्राव्य ॲडॅप्टरची पूर्वपीठिका

मोबाइल फोनकडून रेडिओलहरींवाटे येणारा आवाज ग्रहण करून तो तारेच्या हेडफोनला, घरातील जुन्या ॲम्प्लिफायरला किंवा मोटारीतील स्पीकरना पुरवणारे छोटे उपकरण म्हणजे बिनतारी श्राव्य ॲडॅप्टर होय. त्याच्या एका अंगाला ब्लूटूथ तर दुसऱ्या अंगाला साडेतीन मिलिमीटरचा जॅक असतो, आणि ही दोन्ही अंगे दूरसंचाराच्या अगदी वेगवेगळ्या कालखंडांतून आलेली आहेत.

जॅकचे मूळ टेलिफोन एक्स्चेंजात सापडते. अमेरिकेतील न्यू हेवन येथे १८७८ साली पहिले व्यापारी एक्स्चेंज सुरू झाल्यानंतर दोन ग्राहकांच्या तारा हाताने जोडून देण्याची गरज वाढत गेली आणि त्यातून पाव इंच जाडीची पिन व तिचा जॅक स्विचबोर्डांवर रूढ झाला. पुढे ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ खिशात मावू लागला तेव्हा पिनही लहान झाली, आणि १९७९ साली सोनीच्या वॉकमनने साडेतीन मिलिमीटरच्या स्टिरिओ जॅकला जगभर पोहोचवले. कोणत्याही कंपनीचा हेडफोन कोणत्याही कंपनीच्या संचाला चालावा, हा या जॅकचा सर्वांत मोठा गुण होता.

मोबाइल फोनभोवतीच्या तारा काढून टाकण्याच्या हेतूने स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन आणि स्वेन मॅटिसन यांनी १९९४ च्या सुमारास जे काम हाती घेतले, त्यातून ब्लूटूथ आकाराला आले. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्याचे समाईक मानक ठरवण्यास प्रारंभ केला. त्यासाठी २.४ गिगाहर्ट्झचा कंप्रतापट्टा निवडण्यात आला, कारण अनेक देशांत तो विनापरवाना वापरता येत होता. भारतात या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना २००५ च्या नियमांनी परवान्यातून सूट मिळाली. अशा मोकळ्या पट्ट्यात इतर उपकरणांची गर्दी असल्यामुळे ब्लूटूथचा संकेत ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतो. या तंत्राला कंप्रता-उडी असे म्हणता येईल.

प्रारंभीचे ब्लूटूथ हेडसेट केवळ संभाषणापुरते होते, कारण त्यांतून सेकंदाला ६४ किलोबिट एवढाच एकपदरी आवाज जात असे. संगीतासाठी दोन पदरांच्या, म्हणजे स्टिरिओ, प्रसारणाची कार्यपद्धती लागत होती. ती ‘एटूडीपी’ या नावाने २००३ मध्ये मान्य झाल्यावरच संगीतासाठीच्या ॲडॅप्टरचा मार्ग मोकळा झाला. या पद्धतीत फोन अंकीय आवाज ‘एसबीसी’ नावाच्या संकेतनाने संक्षिप्त करून पाठवतो, ॲडॅप्टर तो पुन्हा उलगडतो आणि त्याचे विद्युत्‌लहरीत रूपांतर करून जॅककडे सोपवतो. सीडीवरील आवाजाला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात, तर एसबीसी सामान्यतः ३२८ किलोबिटांत काम भागवते; त्यामुळे आवाजातील काही सूक्ष्म अंश गळतो, आणि या साऱ्या प्रक्रियेला वेळ लागत असल्याने चित्रपटातील ओठांच्या हालचालीमागे संवाद किंचित रेंगाळल्याचेही जाणवू शकते.

ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून जॅक काढून टाकला आणि पुढे इतर अनेक उत्पादकांनीही तोच मार्ग धरला, तेव्हा या ॲडॅप्टरचे स्थान पालटले. तोवर तो तारेच्या गुंत्यातून सोडवणारी सोय होता. त्यानंतर मात्र, चांगल्या स्थितीतील तारेची साधने नव्या फोनशी जोडण्याचा तो एक महत्त्वाचा मार्ग ठरला.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, साधनांना दीर्घायुष्य देण्यात नव्या शोधाइतकाच खुल्या व समाईक मानकाचा वाटा असतो. टेलिफोनच्या काळातील जॅक आणि मोबाइलच्या काळातील ब्लूटूथ ही दोन्ही मानके अनेक उत्पादकांनी सारख्याच रीतीने पाळली, म्हणूनच दशकांपूर्वीचा ॲम्प्लिफायर आजच्या फोनवरील गाणे वाजवू शकतो. ही परंपरा पुढील उपकरणांतही टिकवणे हे उत्पादकांचे आणि नियामकांचे कर्तव्य आहे.