लाल त्रिकोण : कुटुंबनियोजनाच्या बोधचिन्हाची परिणामकारकता (१९५२-१९७७)

प्रस्तावना

बोधचिन्ह परिणामकारक केव्हा ठरते, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः साधा आकार, मोजके रंग आणि स्मरणसुलभता या गुणांत शोधले जाते. हे गुण आवश्यक आहेत. मात्र ते पुरेसे आहेत काय, याची कसोटी इतिहासातच लागते. भारत सरकारच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमाचा उलटा लाल त्रिकोण हे या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण होय. प्रस्तुत निबंधात या चिन्हाची निर्मिती, प्रसार आणि आणीबाणीनंतर बदललेला त्याचा अर्थ यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

निरक्षर ग्राहकाला चित्राच्या आधारे माल ओळखू देण्याची पद्धत भारतात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर देवदेवता व प्राण्यांची रंगीत चित्रे चिकटवलेली असत. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षचिन्हांनी हेच कार्य केले. संततिनियमनाच्या प्रचारापुढे मात्र निरक्षरतेच्या जोडीला लोकलज्जेचीही अडचण होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यापायी त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हा शासकीय कार्यक्रम झाला, तरी विषयाचा संकोच कायम होता. १९६१ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण सुमारे २८ टक्केच होते.

चिन्हाची निर्मिती व प्रसार

१९६० च्या दशकात केंद्र शासनाच्या कुटुंबनियोजन विभागात प्रसिद्धीचे काम पाहणारे दीप त्यागी यांनी खाली टोक असलेला लाल त्रिकोण प्रचारात आणला. त्यासोबत आई, वडील, मुलगा व मुलगी यांचे चार हसरे चेहरे आणि ‘दो या तीन बच्चे, बस’ अशी घोषणा असे. सविस्तर माहितीपत्रकाऐवजी एक चिन्ह, एक चित्र आणि एक वाक्य सर्वत्र वारंवार दाखवावे, असे हे धोरण होते.

त्रिकोणाचे गुण व्यवहारातून स्पष्ट होतात. तो गावातील कोणत्याही रंगाऱ्याला भिंतीवर काढता येई. त्याला एकच रंग पुरे आणि भाषांतराची गरज नसे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जो विषय चारचौघांत उच्चारता येत नव्हता, त्याचा निर्देश एका आकाराने होऊ लागला. १९६८ मध्ये ‘निरोध’ची विक्री १५ पैशांना तीन या दराने सुरू झाली. हिंदुस्थान लिव्हर, ब्रुक बाँड यांसारख्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेमुळे तो साबण व चहा विकणाऱ्या दुकानांपर्यंत पोहोचला. अशा रीतीने शासकीय कार्यक्रमाने बाजारपेठेची रीत स्वीकारली. पुढे लाल त्रिकोण आशिया व आफ्रिकेतील इतर काही देशांतही वापरला गेला.

आणीबाणी आणि चिन्हाचा अर्थ

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी लागू झाली आणि एप्रिल १९७६ मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर झाले. शिक्षकांसह शासकीय कर्मचाऱ्यांवर नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याची उद्दिष्टे लादली गेली. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. मार्च १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसचा पराभव झाला. त्यामागील कारणांत, विशेषतः उत्तर भारतात, नसबंदीची सक्ती हे एक प्रमुख कारण होते. १९७७-७८ मध्ये शस्त्रक्रियांची संख्या १० लाखांच्याही खाली आली.

या काळात त्रिकोणाचा आकार, रंग वा मांडणी यांत काहीही बदल झाला नव्हता. बदलला होता तो त्यामागील व्यवहार. सल्ला व सुविधा यांची खूण असलेले चिन्ह अनेक ठिकाणी सक्तीची खूण बनले. ते सर्वांना ओळखू येत होते, आणि म्हणूनच त्याच्याशी जोडलेली भीतीही सर्वदूर पोहोचली. शासनाने १९७७ मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ केले. तथापि, नावातील बदलाने विश्वास परत आला नाही. आणीबाणीत नसबंदी झालेल्यांत पुरुषांची संख्या मोठी होती; त्यानंतर, इतर कारणांबरोबरच या अनुभवामुळे, पुरुष नसबंदी मागे पडली आणि शस्त्रक्रियेचा भार मुख्यतः स्त्रियांवर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी केल्याचे आढळले. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते.

निष्कर्ष

१. साधेपणा, पुनरावृत्ती व स्थानिक पातळीवर सहज काढता येणे या गुणांमुळे लाल त्रिकोण निरक्षर समाजापर्यंत पोहोचला.

२. चिन्ह ओळखले जाणे आणि त्यावर विश्वास असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आरेखनातून साधते, तर दुसरी केवळ संस्थेच्या आचरणातून.

३. संस्थेचे वर्तन बिघडल्यास प्रभावी चिन्ह तिला वाचवत नाही. उलट तिची अपकीर्ती अधिक वेगाने पसरवते.

बोधचिन्हाचे मूल्यमापन केवळ त्याच्या रूपावरून करणे अपुरे आहे. चिन्ह ज्या संस्थेकडे बोट दाखवते, तिने लोकांशी केलेला व्यवहारच अखेरीस त्याचा अर्थ ठरवतो.