रानपिंगळ्याचा शोध आणि एक बनावट नोंद

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखाचा शक प्रारंभी ७८२ असा वाचला गेला. पुढे तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचे ठरले. एका अंकाने दोनशे वर्षांचे अंतर पडले. पक्ष्याच्या नमुन्यास बांधलेली चिठ्ठी हाही एक प्रकारचा लेखच होय. मात्र पुढील प्रकरणात वाचनाचा दोष नसून लबाडी होती.

रानपिंगळ्याचे पहिले शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. त्यानंतर सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशात त्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र त्याची खात्रीलायक नोंद नाही. अपवाद एकच : कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीस मिळविल्याचे सांगितलेला नमुना. ही नोंद प्रमाण मानली गेल्याने पक्षी तेथवर टिकून होता, असा समज दृढ झाला. पुढे सालिम अली व रिप्ले यांनी घेतलेला शोधही निष्फळ ठरला.

पामेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईने तपासला. तो उसवून पुन्हा भरलेला होता. तरी डेव्हिडसन यांच्या हातच्या तयारीच्या खुणा त्यात शिल्लक होत्या. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेल्या नमुन्यास नवी चिठ्ठी लावली होती, एवढाच त्याचा अर्थ. (कर्नलसाहेबांची कीर्ती तोवर मोठी होती, कीर्तीमुळे पुरावा तपासावयाचा राहतो, हा अनुभव आपल्या शास्त्रासही नवा नाही.) मांडवी वगळताच जुन्या अस्सल नोंदींची स्थळे तेवढी उरली. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांनी अनेक दिवस राने पालथी घातली, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा त्यांच्या दृष्टीस पडला. मध्ये ११३ वर्षे लोटली होती.

२०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात, म्हणजे सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याच्या रानात, आढळला. त्यामुळे हा विषय आता केवळ खानदेशाचा राहिलेला नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या मंडळींनी मलंगगड वा चंदेरीच्या वाटेवर दिवसा पिंगळा दिसल्यास आधी त्याचा माथा पाहावा. नेहमीच्या पिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याच्या माथ्यावर ते जवळजवळ नसतात. नोंदीत दिनांक, स्थळ आणि पाहणाऱ्याचे नाव अवश्य असावे.