पाणी उंबरठ्याला लागायच्या आत

ऑगस्ट २०२० चा शेवटचा आठवडा. घरात गणपती, गावात कोरोनाची धास्ती, बांधीत रोवणी होऊन हिरवागार झालेला धान. ब्रह्मपुरी तालुक्यातलं वैनगंगेकाठचं कुठलंही एक घर धरा. खालचे तास अदमासाचे आहेत. नदी, धरण आणि पूर खरे.

४८ तास आधी : पाऊस कोसळतोय मध्य प्रदेशात. वैनगंगा उगवते शिवनी जिल्ह्यात. तिथलं संजय सरोवर धरण भरत चाललंय. आपण मात्र आपल्याच डोक्यावरचं आभाळ बघत बसतो.

२४ तास : पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाला ३३ दारं. विसर्ग वाढत जातो, मोबाइलवर आकडा येतो, इतके क्युमेक. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला १,००० लिटर. हिशेब चोख, पण घरच्या बाईला विचारायचं असतं एवढंच : मारुतीच्या ओट्याला पाणी किती वाजता लागणार? माझी तक्रार आहे ती इथे.

१२ तास : मोबाइल, टॉर्च चार्ज करा, वीज आधी जाते. सातबारा, आधार, राशन कार्ड, पासबुक, म्हाताऱ्यांची औषधं प्लास्टिकच्या पिशवीत, वर घट्ट गाठ. धानाची पोती माळ्यावर. मीठ, काडेपेटी, मुरमुरे हाताशी. प्यायच्या पाण्याचे दोन गुंड झाकून वर ठेवा. पुरात विहीर बुडाली की सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही.

६ तास : कोठ्यातली गुरं. घाईत माणसं निघतात, बैल दाव्याला राहतात. नेता येत नसतील तर दावी सोडा. मोकळं जनावर पोहून उंचवटा गाठतं, बांधलेलं जागीच मरतं.

३ तास : उजेड आहे तोवर बाळंतीण, लेकरं, म्हातारी माणसं पुढे. लाडजसारख्या गावाला चहूबाजूंनी वैनगंगाच. तिथे डोंग्याची वेळ अंधार पडायच्या आधीची.

१ तास : मेन स्विच बंद. पिशवी उचला, बाकी राहू द्या. बाप्पा पाटावरून माळ्यावर.

शून्य : पाणी उंबरठ्याला, मग ओसरीत. अडकलातच आणि माळ्यावर चढलात, तर आधी काठीने चाचपा. साप तुमच्याआधी पोचलेला असतो.

पूर ओसरला की भिंतीवर गाळाची रेघ राहते. दिवाळीला रंग देताना तेवढी सोडा, आणि शेजारी कोळशाने साल लिहून ठेवा.