वायफायची किल्ली : परवलीच्या शब्दापासून क्यूआर कोडपर्यंत
(देऊळघाट, ता. जि. बुलढाणा या गावाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

बीजसंज्ञा : वायफाय, क्यूआर कोड, परवलीचा शब्द, लिपी, ग्रामीण महाराष्ट्र

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधकांची नावे व शोधांची वर्षे यांची नोंद प्रामुख्याने होते. ते तंत्रज्ञान सामान्य माणसाच्या हाती कोणत्या वाटेने आले आणि त्या वाटेवर कोणकोणते अडसर होते, याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी चित्रासमोर स्मार्टफोन धरावयाचा आणि काहीही टंकलिखित न करता बिनतारी इंटरनेटशी जोडले जावयाचे, ही आज परिचयाची झालेली कृती याचे उत्तम उदाहरण होय. वरवर पाहता ही केवळ एक सोय आहे. तथापि तिच्यामागे परवाना, सुरक्षा आणि लिपी या तीन प्रश्नांचा इतिहास दडलेला आहे.

हा इतिहास तपासण्यासाठी देऊळघाट हे गाव उदाहरणादाखल घेतले आहे. बुलढाणा तालुक्यातील हे गाव पैनगंगेच्या काठी वसलेले आहे. वऱ्हाडच्या 'पायनघाट' व 'बालाघाट' या जुन्या विभागणीत ते घाटावरच्या प्रदेशात मोडते. जिल्ह्यात मराठीबरोबरच उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. म्हणजेच येथील समाज देवनागरी, उर्दू व रोमन अशा तीन लिप्यांच्या सान्निध्यात वावरतो. वायफायची किल्ली मात्र यांपैकी एकाच लिपीत घडवली गेली, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे.

उद्दिष्टे :

१) वायफायच्या प्रवेशपद्धतीत १९९७ पासून झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
२) महाराष्ट्रात 'स्कॅन' करण्याची सवय कशी रुजली, हे पाहणे.
३) क्यूआर कोडमुळे लिपीचा अडसर किती दूर झाला आणि किती शिल्लक राहिला, याची चिकित्सा करणे.

परवान्याचा काळ :

भारतात बिनतारी लहरींचा वापर दीर्घकाळ शासकीय परवान्याच्या चौकटीत होता. १८८५ चा तार अधिनियम व १९३३ चा बिनतारी तारायंत्र अधिनियम हे या चौकटीचे आधार होत. घरात रेडिओ बाळगण्यासाठीसुद्धा टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे व तो नियमितपणे नूतनीकृत करावा लागे. १९८० च्या दशकापर्यंत ही पद्धत चालू होती.

दरम्यान अमेरिकेत १९८५ मध्ये काही लहरपट्टे विनापरवाना वापरासाठी खुले करण्यात आले. त्याच पायावर १९९७ मध्ये '८०२.११' हे बिनतारी जाळ्याचे मानक प्रसिद्ध झाले आणि १९९९ मध्ये उत्पादकांच्या संघटनेने त्यास 'वायफाय' हे सुटसुटीत नाव दिले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. शासनाचा परवाना गेला. त्याची जागा आता जाळ्याच्या मालकाच्या परवानगीने घेतली, आणि तिचे साधन होते परवलीचा शब्द.

किल्ली अवघड का झाली :

लहरी भिंत ओलांडतात. त्यामुळे घरातले जाळे शेजाऱ्याच्या अंगणातही पोहोचते. यास्तव पहिल्या मानकातच 'वेप' नावाचे कुलूप समाविष्ट केले होते. त्याची किल्ली दहा किंवा सव्वीस चिन्हांची असे व ती शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही रोमन अक्षरे यांतून बनवावी लागे. २००१ मध्ये हे कुलूप सदोष असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतर २००३ मध्ये 'डब्ल्यूपीए' व २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए-२' या पद्धती आल्या. यांत परवलीचा शब्द ८ ते ६३ चिन्हांचा असावा असे ठरले.

सुरक्षित किल्ली म्हणजे लांब व अर्थहीन किल्ली, हे समीकरण येथून रूढ झाले. लहान-मोठी अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांची सरमिसळ करणे इष्ट मानले गेले. ती बोलून सांगणे कठीण, लिहून घेणे कठीण व लहान पडद्यावर टंकलिखित करणे त्याहून कठीण. हा त्रास टाळण्यासाठी २००७ च्या सुमारास 'डब्ल्यूपीएस' ही पद्धत आणण्यात आली. तीत बटण दाबून किंवा आठ अंकी क्रमांक देऊन जोडणी होत असे. परंतु हा क्रमांक दोन भागांत तपासला जातो व शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो ओळखता येतो, हे डिसेंबर २०११ मध्ये उघड झाले. सोय वाढवली की सुरक्षा ढासळते, असा हा अनुभव होता.

महाराष्ट्रातील २००८ च्या घटना :

किल्लीचा प्रश्न महाराष्ट्रात अत्यंत गंभीर प्रसंगातून पुढे आला. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यासंबंधीचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका निवासी वायफाय जोडणीचा गैरवापर करून पाठवण्यात आला होता. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे व सप्टेंबरमध्ये चेंबूर येथील एका आस्थापनेचे जाळे याच रीतीने वापरले गेले. ज्यांची जाळी वापरली गेली त्यांचा या कृत्यांशी संबंध नव्हता, परंतु तपास प्रथम त्यांच्याच दारी पोहोचला.

या पार्श्वभूमीवर दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये वायफाय सुरक्षित करण्याविषयी सूचना दिल्या. सार्वजनिक ठिकाणी वापरकर्त्याची ओळख पटवून मगच प्रवेश द्यावा, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. ओळखपत्राची प्रत किंवा भ्रमणध्वनीवर येणारा एकवेळचा संकेतांक हा सार्वजनिक वायफायचा नित्याचा भाग बनला. उघडे दार धोक्याचे असते, हा धडा समाजाने घेतला. तथापि बंद दारामुळे कोण बाहेर राहतो, या प्रश्नाची चर्चा त्या काळात फारशी झाली नाही.

किल्लीची लिपी :

हा प्रश्न देऊळघाटच्या नावावरच मोजून पाहता येतो. वायफाय जाळ्याच्या नावाला जास्तीत जास्त ३२ बाइट जागा मिळते. रोमन लिपीतील प्रत्येक अक्षर एक बाइट घेते. युनिकोडच्या प्रचलित 'यूटीएफ-८' पद्धतीत उर्दूचे अक्षर दोन, तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि येथे काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त हेही स्वतंत्र चिन्ह धरले जातात.

'देऊळघाट' या शब्दात अशी सात चिन्हे आहेत. त्यास २१ बाइट लागतात. रोमन लिपीत हेच नाव आठ बाइटमध्ये मावते. देवनागरीत उरलेल्या ११ बाइटमध्ये 'शाळा' हा चार चिन्हांचा शब्दही बसत नाही, कारण त्यास १२ बाइट लागतात. 'ग्रामपंचायत' या एकट्या शब्दाची ११ चिन्हे व ३३ बाइट होतात. म्हणजेच 'ग्रामपंचायत' एवढेच नाव द्यावयाचे म्हटले तरी ते मर्यादेपेक्षा एका बाइटने मोठे ठरते.

परवलीच्या शब्दाची स्थिती याहून कठोर आहे. 'डब्ल्यूपीए-२' च्या मानकाप्रमाणे त्यात रोमन अक्षरे, अंक व काही विरामचिन्हे एवढेच चालते. देवनागरी वा उर्दू अक्षरांस तेथे स्थानच नाही. मराठी किंवा उर्दू उत्तम वाचणारी, परंतु रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद ओळखण्याची सवय नसलेली व्यक्ती या दाराशी अडते. तिला मुलाच्या, नातवाच्या किंवा कार्यालयातील कर्मचाऱ्याच्या मदतीवर अवलंबून राहावे लागते. साक्षर माणसाला निरक्षर ठरवणारी ही रचना होती, असे म्हणावे लागते.

स्कॅन करण्याची सवय :

क्यूआर कोडचा जन्म वायफायच्या गरजेतून झालेला नाही. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीतील मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार केला. तीन कोपऱ्यांतील चौकोनांमुळे तो कोणत्याही बाजूने वाचता येतो, आणि निवडलेल्या पातळीनुसार सुमारे ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी त्यातील मजकूर परत मिळवता येतो. कंपनीने पेटंटचा हक्क बजावला नाही व २००० मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. परिणामी तो सर्वत्र पसरला.

महाराष्ट्रात ही सवय दोन वाटांनी रुजली. पहिली वाट शाळेची. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार डिसले यांना मिळाला तेव्हा या कार्याची जगभर नोंद झाली. दुसरी वाट बाजाराची. २०१६ मध्ये 'यूपीआय' सुरू झाले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये 'भारत क्यूआर' आला. भाजीच्या गाडीपासून औषधाच्या दुकानापर्यंत कोड दिसू लागले. यास्तव वायफायचा कोड समोर आला तेव्हा तो कसा धरावा, हे कोणी शिकवण्याची गरज उरली नव्हती.

तांत्रिक बाजूही याच काळात सिद्ध झाली. जाळ्याचे नाव, सुरक्षेचा प्रकार व परवलीचा शब्द एका ओळीत लिहिण्याचा संकेत मुक्त-स्रोत 'झेडएक्सिंग' प्रकल्पातून रूढ झाला होता. २०१७ मध्ये 'आयओएस ११' च्या कॅमेऱ्यास तो थेट वाचता येऊ लागला. २०१९ च्या 'अँड्रॉइड १०' मध्ये जोडलेल्या फोनच्या पडद्यावरच असा कोड दाखवण्याची सोय आली.

सोयीची मर्यादा :

क्यूआर कोडमुळे टंकलेखनाचा अडसर दूर झाला, हे निर्विवाद आहे. परवलीचा शब्द आजही रोमन लिपीतच असतो, परंतु तो वाचण्याचे काम आता कॅमेरा करतो. लिपीची विषमता मानकात तशीच राहिली व वापरकर्त्याच्या दृष्टीआड गेली.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. या कोडमध्ये परवलीचा शब्द गुप्त केलेला नसतो, तो साध्या मजकुराच्या रूपात असतो. त्याचे छायाचित्र ज्याच्याजवळ आहे त्याच्याजवळ किल्ली आहे. पूर्वी गुपित सांगावे लागे, आता ते भिंतीवर टांगले जाते. 'वायफाय ईझी कनेक्ट' या २०१८ च्या पद्धतीत कोडमध्ये परवलीच्या शब्दाऐवजी उपकरणाची सार्वजनिक किल्ली असते. ती अधिक सुरक्षित आहे, परंतु छापील कागदाइतकी सुटसुटीत नाही.

शिवाय, कोड वाचण्यासाठी मुळात जाळे असावे लागते. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली व तीच पुढे 'भारतनेट' झाली. ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेत किराणा दुकानदारासही परवाना वा नोंदणीशिवाय वायफाय सेवा देण्याची मुभा मिळाली. परंतु सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्याने सार्वजनिक वायफायची निकड कमी झाली. रेल्वे स्थानकांवर जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेल्या उपक्रमातून गूगलने २०२० मध्ये माघार जाहीर केली, तेव्हा हेच एक कारण दिले गेले. त्यामुळे गावपातळीवर वायफायचे महत्त्व आज प्रामुख्याने शाळा, वाचनालय, महाविद्यालय, ग्रामपंचायत अशा संस्थांपुरते उरले आहे. म्हणूनच भिंतीवरील कोड कसा लावावयाचा, हा आता संस्थांच्या जबाबदारीचा विषय आहे.

निष्कर्ष :

१) वायफायच्या प्रवेशाचा इतिहास हा शासकीय परवान्याकडून मालकाच्या परवानगीकडे झालेला प्रवास आहे. क्यूआर कोडने या परवानगीचे रूप बदलले. ती कोणी द्यावी, हे त्याने बदललेले नाही.

२) सुरक्षेसाठी किल्ली अवघड होत गेली आणि तिचा भार रोमन लिपीशी कमी परिचय असलेल्यांवर पडला. 'ग्रामपंचायत' हा शब्द ३२ बाइटमध्ये न मावणे हे मानके ठरवताना भारतीय लिप्यांचा विचार झाला नसल्याचे द्योतक आहे.

३) २००८ च्या घटनांवरून स्पष्ट होते की जाळ्याच्या गैरवापराची झळ प्रथम जाळ्याच्या मालकास बसते. यास्तव संस्थांनी अभ्यागतांसाठी स्वतंत्र जाळे ठेवावे, त्याचा परवलीचा शब्द ठरावीक काळाने बदलून नवा कोड छापावा आणि मूळ कोडवर दुसरा कागद चिकटवलेला नाही ना, हे पाहत जावे. कार्यालयीन जाळ्याचा कोड भिंतीवर लावू नये.

४) कोडशेजारी जाळ्याचे नाव व वापराच्या सूचना मराठीत, आणि देऊळघाटसारख्या ठिकाणी उर्दूतही, लिहाव्यात. मानकाने जे ३२ बाइटमध्ये नाकारले, ते कागदावर देण्यास कोणतीच मर्यादा नाही.